ईरप्पांच्या पाठीमागचा आवाज

ईरप्पा आता बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागतं. चहा मागवायचा झाला तरी ते हात वर करून दोन बोटं दाखवतात. नव्यानं भेटणाऱ्याला वाटतं, घशाचं काहीतरी ऑपरेशन झालं असावं. मला हे बघवत नाही. या माणसाचा खरा आवाज मी निम्मं आयुष्य ऐकलाय आणि तो कुठं गेला तेही मला ठाऊक आहे.

मी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करतो. म्हणजे लोखंडाचा जो नग ओतायचा असतो, त्याची लाकडात हुबेहूब नक्कल. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. आमच्याकडं उसाचाही रस आणि लोखंडाचाही रसच. माझी खोली आणि ईरप्पांची फाउंड्री यांच्यात एका पत्र्याची भिंत. भट्टीच्या दिवशी ती भिंत तापायची. भट्टीत हवा फुंकणारा ब्लोअर सुरू झाला की माझ्या टेबलावरची पेन्सिल आपणहून चालायला लागायची. त्या घरघरीत माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू यायचं नाही. ईरप्पांचं मात्र यायचं. "सरकाऽऽ, रस आला!" ही आरोळी पत्रा भेदून यायची आणि रस्त्यावरची रिक्षासुद्धा बिचकायची.

गळा बापाकडून आलेला. वडील गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचे सौदे पुकारायचे. "बापानं शेत ठेवलं न्हाई, गळा ठेवला," असं ईरप्पा अभिमानानं सांगत. पोरवयात कोल्हापुरात आले, दुसऱ्याच्या फाउंड्रीत वाळू चाळली, मोल्डिंग शिकले, आणि हळूहळू स्वतःची उभी भट्टी घातली. वरून कोक कोळसा आणि भंगार टाकायचं, खालून रस काढायचा. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, तोंडात अर्धी कानडी आणि अर्धी कोल्हापुरी. कामगारांना शिव्या द्यायचे, पण जेवायला शेजारी बसवूनच. शांतव्वा म्हणजे त्यांची बायको, भट्टीच्या दिवशी सगळ्यांसाठी भाकरी पाठवायची आणि वर निरोप द्यायची, "तुमच्या धुरानं आज परत धुणं काळं झालंय."

त्यांचा भट्टीवाला धम्मपाल. हे त्याचं खरं नाव नव्हे, आणि खरं मी सांगणार नाही. तो आणि मी एका वयाचे, म्हणून एकेरीत बोलतो. भट्टी पेटवणं, तिला भरवणं, चिखलाचा गोळा मारून तिचं तोंड बंद करणं, हे सगळं त्याच्याकडं. धम्मपाल बोलायचाच नाही. ब्लोअरपुढं बोलून उपयोग काय? ईरप्पा ओरडायचे, तो हातानं खूण करायचा. मालक म्हणजे गळा आणि धम्मपाल म्हणजे हात, असा त्या दोघांचा संसार शांतव्वाच्या संसाराइतकाच जुना.

आता ईरप्पांची दुसरी कीर्ती सांगायला हवी. कोल्हापुरातली सभा कशी चालते ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कारखाना असो, दूध संघ असो, पतसंस्था असो, वार्षिक सभेला माणूस हजारानं जमतो. अध्यक्ष विषय वाचतात, "मंजूर आहे का?" म्हणून विचारतात, आणि पुढून "मंजूर, मंजूर!" असा गजर उठतो. विरोधक असले तर तेही "नामंजूर!" म्हणून गजर करतात. ज्याचा गजर मोठा त्याचा ठराव. हात मोजत नाहीत, कुणाला बोलू देत नाहीत. ताळेबंद वाचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी वेळात सभा संपते आणि पंगत बसते. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. लोकशाही आहे की, आवाज काढायला कुणी बंदी केलीय?

पण गजर आपोआप उठत नाही. कुणीतरी पहिलं "मंजूर" म्हणावं लागतं. ते बारीक निघालं तर सभा चाचरते, लोक एकमेकांकडं बघतात, आणि तेवढ्यात एखादा शंकेखोर उठून उभा राहतो. पहिला आवाज असा हवा की शंका घशातच राहिली पाहिजे. तो आवाज ईरप्पांचा. आमच्या फाउंड्री संघटनेचे अध्यक्ष अण्णासो त्यांना दरवर्षी मधल्या वाटेच्या कडेला, दुसऱ्या रांगेत बसवायचे. मग त्यांची ख्याती पसरली. पतसंस्थेनं बोलावलं, गावाकडच्या सोसायटीनं बोलावलं. कसबा बावड्यात एका ओळखीच्या संस्थेत तर त्यांना श्रीफळ देऊन नेलं. लोक "मंजूरअप्पा" म्हणायचे आणि ते लाजून हसायचे. विषय काय आहे ते विचारायची गरज त्यांना वाटायची नाही. लग्नात वाजंत्रीवाला नवरा-नवरीची पत्रिका बघतो का?

त्या वर्षी संघटनेची सभा एका मंगल कार्यालयात होती. मी सभासद नाही, पण पॅटर्नवाल्यांना जेवायला बोलावतात. मी मागच्या खांबाशी उभा होतो. दाराच्या बाहेर ड्रायव्हर, कामगार, हेल्पर अशी गर्दी. जेवण सगळ्यांनाच असतं. ईरप्पा धम्मपालला दरवर्षी आणायचे, तसा आणला होता. स्टेजवर अण्णासोंच्या शेजारी धैर्यशीलराव बसलेले. शहराबाहेरच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत त्यांचा मोठा प्लांट आहे, माल परदेशात जातो. मसालेभाताचा वास आत आला होता, आणि वास आला की सभेचा वेग वाढतो.

नववा विषय सेक्रेटरीनं एका दमात वाचला. हरित ओतकाम धोरणाची तातडीनं अंमलबजावणी, त्याला संघटनेचा एकमुखी पाठिंबा, असं काहीतरी. अण्णासो म्हणाले, "मंजूर आहे का?"

"मंजूऽऽर!"

ईरप्पांचा आवाज छताला लागला. आणि मग, नेहमी घडत नाही ते घडलं. गजर उठला नाही. डाव्या बाजूला बाळासो उभे राहिले होते. त्यांची फाउंड्री ईरप्पांहून लहान. त्यांनी एक बोट वर केलं होतं आणि तोंड उघडलं होतं. बहुतेक कोळशाचं विचारणार होते. सगळी सभा त्यांच्याकडं वळली. तेवढ्यात मागून, दाराच्या अंगानं, एक आवाज आला.

"मंजूर!"

एकटाच. जाड, थोडा फाटका, शेतात बैलाला हाक मारावी तसा. आणि त्याच्या मागोमाग सभा फुटली. मंजूर, मंजूर, मंजूर. बाळासोंचं बोट खाली आलं, ते बसले. जिलेबी गरम होती, मी तीन खाल्ल्या.

त्या धोरणातला सरकारी नियम काय होता ते नंतर कळलं. एका टन रसामागं किती कार्बन हवेत सोडायचा याची मर्यादा. कोक जाळणाऱ्या उभ्या भट्टीला ती कधीच पाळता येणार नाही, म्हणजे विजेची भट्टी घालावी लागणार. हे येणार अशी कुणकुण होतीच. पण पहिल्या मसुद्यात लहान फाउंड्र्यांना चांगली ऐसपैस मुदत होती, आणि तेवढ्या वेळात आठ-दहा जणांनी मिळून एक सामाईक विजेची भट्टी घालायचं चाललं होतं. जागा बघून झाली होती. ईरप्पा त्यात होते, बाळासो होते. नियम नको असं कुणीच म्हणत नव्हतं. उगीच खोटं कशाला सांगू, धूर वाईटच होता. पावसाळी हवेत तो गल्लीत बसून राहायचा आणि शांतव्वाला बारा महिने खोकला. त्या सगळ्यांना फक्त वेळ हवा होता, आणि तोच गेला. मुदत कापली. सामाईक भट्टीचा पाया खणायच्या आधीच बंदीचा दिवस आला.

ईरप्पा मला घेऊन सरकारी ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, सभ्य होता. "काका, आम्ही मुदत ठेवली होती," तो म्हणाला. "तुमच्याच संघटनेनं एकमुखानं सांगितलं, लवकर लागू करा. उद्योगच मागतोय म्हटल्यावर वरून विचारलं, मग थांबायचं कशाला?"

"एकमुखानं," ईरप्पा म्हणाले आणि उठून जिन्याकडं निघाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. ती खरी होताना माणसाचा चेहरा कसा दिसतो हे त्या जिन्यावर बघितलं. तो विषय सभेपुढं आणला होता धैर्यशीलरावांनी, म्हणून तिथनं ते सरळ त्यांच्याकडं निघाले. मी म्हटलं, अप्पा, रागात जाऊ नका. ते म्हणाले, "राग कुठला मिस्त्री, मला इचारायचं हाय."

धैर्यशीलरावांच्या केबिनला काच आहे. काचेतून त्यांची विजेची भट्टी दिसते. ना ज्वाळा, ना धूर. पांढऱ्या टोपीतली पोरं बटणं बघत उभी. मला ते बघून दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. त्यांनी आम्हाला मानानं बसवलं, चहा सांगितला.

"धैर्यशीलराव," ईरप्पा म्हणाले, "सरकार मागं लागलं की पळणारी मानसं म्या लई बघितली. 'या, माझ्या मागं लागा' म्हणून सरकारला बोलावणारा मानूस पैल्यांदाच बघतोय. असं का केलासा?"

माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण ते खरं बोलले.

"अप्पा, तुमच्याशी लपवाछपवी न्हाई करत. तुमचा नग आनि माझा नग एकाच ट्रॅक्टरला लागतो. माझं परदेशी गिऱ्हाईक विचारतं, या नगामागं कार्बन किती गेला? सांगता आलं न्हाई तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाते. म्हणून मी कोळसा सोडला, छपरावर सोलर घातला, धूर मोजायला माणसं ठेवली. तो खर्च मला चुकतच न्हाई. आनि इथल्या बाजारात तुमी कोक जाळून तोच नग माझ्यापेक्षा स्वस्त देता. नियम नसला तर शहाणपणा करून मार मीच खायचा. नियम आला की ओझं सगळ्यांच्या डोक्यावर सारखं."

"सारखं कसं? तुमच्या डोक्यावर ते आधीच हाय. सवय झाली. आमची मान मोडती."

"व्हय," धैर्यशीलराव म्हणाले. "मोडती. मला म्हाईत हाय. आनि दुसरं सांगतो. नियम आज ना उद्या येणारच हुता. येणारच असंल तर तो लिहिताना आपन खोलीत असावं. न्हाईतर कोन तरी भलताच लिहितो, आनि दर दोन वर्षानं बदलतो. भट्टी एकदा बसवली की अर्धं आयुष्य चालवायची असते. काय ते एकदाच कळूदे, मग ते कडक असलं तरी चालंल. कडक नियमाला माझ्यासारखा मोठा घाबरत न्हाई, अप्पा. काय येईल ते कळत न्हाई, त्याला घाबरतो."

बळी तो कान पिळी, एवढंच मला समजलं. फरक इतकाच की इथं कान पिळायला सरकारचा हात मागून घेतला होता, आणि हवाही खरोखर स्वच्छ होणार होती. अशा माणसाला शिवी तरी काय द्यायची?

"मग आमाला आधी सांगायचं न्हाई?" ईरप्पा म्हणाले.

"विषयपत्रिकेवर हुतं. वाचून दाखवलं. तुमीच पैलं मंजूर म्हणाला की."

ईरप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "व्हय, म्या म्हणलो. म्या गाढव. पन माझ्या मागनं एक आवाज आला. बाळासो इचारत हुता, त्याचं तोंड त्या आवाजानं बंद केलं. त्यो कोन? तुमीच ठेवलाता न्हवं त्यो मानूस?"

धैर्यशीलरावांना खरंच नवल वाटलं. "अप्पा, तुमी असताना मला दुसरा ठेवायची काय गरज हुती?"

शेवटची भट्टी एका दुपारी झाली. काम संपलं की भट्टीचा तळ पाडतात. खालच्या दाराचा टेकू ठोकून काढायचा, मग आतला उरलेला निखारा आणि लोखंडाची मळी धाडकन खाली येते. दर वेळी टेकू काढायच्या आधी ईरप्पा ओरडायचे, "सरकाऽऽ!" त्या दिवशी धम्मपाल लांब पहार घेऊन उभा राहिला, मालकाकडं बघत. ईरप्पांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. धम्मपालनं वाट पाहिली, मग हातानंच सगळ्यांना मागं सारलं आणि टेकू काढला. लालभडक ढीग खाली पडला, त्यावर पाणी मारलं, वाफ झाली. त्याआधी ब्लोअर बंद केला तेव्हा मी माझ्या खोलीत होतो. पेन्सिल टेबलावर थांबली आणि मला भीती वाटली. सवयीचा आवाज गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथं भलतंच काहीतरी ऐकू यायला लागतं.

ईरप्पांना तो आवाज ऐकू यायला लागला. त्यांचा स्वतःचा नव्हे, मागून आलेला. सकाळी पूजेला बसले, हातावर इष्टलिंग घेतलं, की पाठीमागून "मंजूर!" जेवताना, रस्ता ओलांडताना, न्हाव्याकडं गळ्याला वस्तरा लागलेला असताना. ते गरकन मागं वळायचे. मागं कुणी नसायचं, किंवा एखादा पावणा असायचा आणि तो बिचकायचा. मला म्हणायचे, "मिस्त्री, माझी चूक म्या पदरात घेतली. पन ती अर्धी हाय. त्यो वरडला नसता तर बाळासो बोलला असता, आनि सभा थांबली असती. अर्धी त्याची हाय. त्यो गावला पायजे."

सापडल्यावर काय करणार, असं मी विचारलं. "काय न्हाई. त्याला बगणार. अर्धं त्याच्या म्होरं ठेवणार," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा असं काही होतं की मी घाईनं विषय बदलला.

मग माणूस आवाजामागं फिरायला लागला. गुळाच्या सौद्याला जाऊन उभे राहायचे, डोळे मिटून. शिवाजी पेठेतल्या पोरांच्या फुटबॉलच्या मॅचला जायचे आणि मैदानाकडं पाठ करून प्रेक्षकांचं ओरडणं ऐकत बसायचे. दुसऱ्यांच्या सभांना जायचे, पण पुढं बसायचे नाहीत. मागं दाराशी उभे राहून एकेक "मंजूर" कानात घेऊन पारखायचे. लोकांना वाटलं अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला. बाळासोंनी तर हात धरून सांगितलं, "अप्पा, सोडा आता. मीबी बसलोच की खाली. माझं बोट कुनी वडून खाली आनलं न्हवतं." ईरप्पांनी ते ऐकलंच नाही. ते बाळासोंचा आवाज पारखत होते.

आणि त्यांचा स्वतःचा गळा आक्रसत गेला. दानेश्वरीची, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीची सुपारी होती. मुलगा सोमेश, गडहिंग्लजच्याच बाजूचा, चांगला. जंगम अय्यांनी मंत्र म्हटले आणि रीतीप्रमाणं विचारलं, "मुलीचं वडील, मंजूर हाय न्हवं?" सगळे ईरप्पांकडं बघून हसले, की आता छत उडणार. ईरप्पांचे ओठ हलले. घशातून हवा आली, शब्द आला नाही. मान हळूच मागं वळली, दाराकडं. मुलाकडचे लोक गंभीर झाले, एका काकांनी पान खाली ठेवलं. दानेश्वरीचा चेहरा मी बघितला, तो नको होता बघायला. तेवढ्यात शांतव्वानं आतून कानडीत "आयतु, आयतु!" म्हणजे झालं, ठरलं, असं ठणकावून सांगितलं आणि सोयरीक सावरली. नंतर ती मला म्हणाली, "भाऊजी, धूर गेला, माझा खोकला गेला, धुणं पांढरं वाळतंय. आनि घरात मात्र मसणात बसल्यागत वाटतंय. ह्येनला आता तुमीच बगा."

बघणार काय? मी त्यांना बरोबर न्यायला लागलो, एवढंच. माझंही काम कमी झालं होतं. पण मोठ्या प्लांटमध्ये जुन्या लाकडी पॅटर्नची दुरुस्ती निघते, ती मला मिळते. एका सकाळी धैर्यशीलरावांच्या प्लांटवर एक पॅटर्न पोचवायचा होता. ईरप्पांना स्कूटरवर मागं बसवलं, पॅटर्न त्यांच्या मांडीवर. त्यांना म्हटलं, धम्मपालही भेटेल. भट्टी बंद झाल्यावर त्याला तिथं नोकरी लागली होती. भट्टीवर नव्हे, ते काम शिकलेल्या पोरांचं. गेटवर. निळा ड्रेस, शिट्टी आणि एक खुर्ची.

गेटशी भंगाराचा एक ट्रक पाठीमागं घेत होता. आम्ही अलीकडं थांबलो. ट्रकच्या पलीकडं धम्मपाल आहे हे दिसत नव्हतं. ड्रायव्हर आरशात न बघता रेटत होता, मागं भिंत होती, आणि भिंतीशी एक बाई डबा घेऊन बसलेली. पलीकडून एकदम आवाज आला.

"थांब!"

जाड, थोडा फाटका, बैलाला हाक मारावी तसा.

ईरप्पांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पॅटर्न खाली पडला, त्याचा कोपरा उडाला, मला त्याचं काही वाटलं नाही. कारण तो आवाज मीही ओळखला होता. इतकी वर्षं पत्र्याच्या पलीकडं धम्मपाल होता आणि आम्ही दोघांनी त्याला ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं. तो ओरडायचाच नाही. त्याच्या वाटणीचं ईरप्पा ओरडायचे.

ट्रक थांबला. धम्मपाल पुढं आला, टोपी सारखी करत, आणि मालकाला बघून त्याचा चेहरा उजळला. "जय भीम मालक! ह्ये काय, इकडं कुनीकडं?" त्यानं खुर्ची पुसून पुढं केली. ईरप्पा बसले नाहीत.

"धम्मा," ते म्हणाले. मला ऐकायला वाकावं लागलं. "सभंत, माझ्या मागनं, मंजूर म्हणलास त्यो तू?"

धम्मपालला आठवायला थोडा वेळ लागला. मग तो हसला, चोरी सापडल्यासारखा. "व्हय की मालक. ऐकलासा व्हय तुमी? म्या सभासद न्हाई, म्हणून घाबरलोतो. तुमी म्हणलासा आनि कुनीच काय म्हनंना. सगळी सभा गप. बाळासो तर उठून हुबं ऱ्हायले. मला कसंतरीच झालं. म्हणलं मालक एकलं पडत्यात. म्हणून वरडलो." तो खाली बघत म्हणाला, "जल्मात पैल्यांदाच वरडलो बगा तवा."

ईरप्पा त्याच्याकडं बघत राहिले. अर्धं त्याच्यापुढं ठेवायचं होतं ना? मी वाट बघत होतो. मला तर वाटत होतं की सांगावं. माणसाचं आयुष्य कशानं बदललं हे त्याला कळायला हवं, ते दुसऱ्यानं ठरवू नये. मी तोंड उघडणारही होतो.

"पन मालक," धम्मपाल म्हणाला, "कशाचं हुतं त्ये? आत काय वाचत हुते त्ये भायेर काय ऐकू आलं न्हाई. कशाला मंजूर म्हणलो आपन?"

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. आत, काचेमागं, ती भट्टी आवाज न करता वितळवत होती. ईरप्पांनी एकदा मागं वळून बघितलं. मग धम्मपालच्या खांद्यावर हात ठेवला आणि कित्येक महिन्यांत तेवढं एकदाच मोठ्यानं, स्वच्छ आवाजात बोलले.

"जेवणाचं. जेवणाच्या खर्चाचा इषय हुता त्यो."

"हात्तिच्या," धम्मपाल म्हणाला, "मग काय चुकलं न्हाई आपलं," आणि ट्रकसाठी गेट उघडायला गेला.